अकरावं हसू

“आठवं हसू उशिरा आलं!” आण्णा कोरके टेबलावर हात आपटून ओरडले. “आणि डावीकडचे, तुम्ही हसताय का खोकताय? मास्तरांच्या कार्यक्रमात माणसं पोट धरून हसायची. पोट धरा!”

वाचनालयाच्या सभागृहातल्या सगळ्यांनी पोट धरलं. म्हणजे खरोखर, हातांनी! मी स्टेजवर पेटीमागं बसले होते आणि मला जे हसू फुटलं ते कुठल्याच नंबरात बसणारं नव्हतं.

“केतकी, तू हसायचं नाहीस,” आण्णा म्हणाले. “मास्तर स्वतः कधी हसायचे नाहीत.”

ही मी आठवीत असतानाची गोष्ट. आता दहावी आहे, आईच्या मते मी भूमितीच्या पुस्तकातून मान वर काढायला नको, पण हे आधी लिहून टाकते. नाहीतर डोक्यात वाजत राहतं.

बार्शीत ‘दिनूमास्तर सुरवसे रसिक मंडळ’ आहे. दिनूमास्तर पेटी वाजवायचे, गायचे आणि पेटीशी भांडायचे. “जेवलीस का?” असं ते पेटीला विचारायचे आणि पेटी दोन सुरांत “नाऽही” म्हणायची. “का गं?” विचारलं की पेटी अशी काही कुरकुर करायची की माणसं लोळायची. जत्रेत, गणपतीत, लग्नात, सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. ते गेले तेव्हा मी जन्मलेही नव्हते. त्यांच्या एवढ्या कार्यक्रमांपैकी एकाच कार्यक्रमाची कॅसेट उरली. मोहोळकडच्या कुठल्याशा जत्रेत एका दुकानदारानं ती भरून घेतलेली. मास्तर गेल्यावर आण्णा ती घेऊन आले आणि मंडळ सुरू झालं.

दुसरी मंडळं फोटोला हार घालतात, भाषणं करतात. आमचं मंडळ कॅसेट ‘उभी करतं’. म्हणजे दरवर्षी मास्तरांच्या वाढदिवसाला एकजण मास्तर होतो, त्यांची काळी टोपी घालतो, त्यांच्या खऱ्या पेटीवर सगळा कार्यक्रम शब्दाला शब्द करतो. आणि समोरचे सगळे मिळून कॅसेटमधले प्रेक्षक होतात! जिथं हसू आहे तिथं हसायचं, जिथं शिट्टी आहे तिथं शिट्टी. कॅसेटमध्ये एक माणूस मध्येच “अहो पुढचे, खाली बसा की!” असं ओरडतो. ते काम माझ्या पप्पांचं. पप्पांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा आहे, आवाज भरदार. वर्षभर त्या एका वाक्याचा त्यांना इतका अभिमान असतो की विचारू नका.

मास्तर व्हायचे ते देशमाने काका. त्या वर्षी ते बाथरूममध्ये घसरले आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. पेटी येणारं दुसरं कोण? मी. चार वर्षं क्लासला जात होते.

“पोरगी? मास्तरांच्या जागी?” आण्णा म्हणाले.

“टोपी घातल्यावर कळतंय कुणाला,” काका म्हणाले. “आणि आण्णा, माझ्यापेक्षा बरी वाजवते. मी तलाठी होतो हो, बोटं सातबारा लिहिण्यात गेली.”

काकांनी मला सगळं शिकवलं. दहाव्या हसूनंतर मास्तर तीन-चार ठिकाणी चुकीचे सूर लावतात, तेसुद्धा तसेच्या तसे घोटून घेतले.

“हे चुकलेत ना काका?”

“चूप! मास्तर मुद्दाम चुकायचे. त्यात गंमत आहे.”

“काय गंमत?”

“ते अजून कळलेलं नाही. पण आहे.”

त्या चुकांनंतर पेटी एकदम थांबते. मग शांतता. बऱ्यापैकी लांब, कॅसेट अडकली की काय वाटावं इतकी. आणि मग अकरावं हसू! अख्ख्या कॅसेटमधलं सगळ्यात मोठं. माणसं किंचाळतात, शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी डबा बडवतं. ते ओसरलं की पेटी पुन्हा सुरू होते आणि शेवटचा भाग येतो. त्यात गाणं नाही, बोलणं नाही, नुसती पेटी. आणि ती इतकी सुंदर आणि अवघड आहे की मंडळातल्या कुणालाच ती कधी वाजवता आली नाही. म्हणून तिथं आल्यावर मास्तर झालेला माणूस नुसती मान खाली घालून बसतो, लोक अकरावं हसू हसतात, पप्पा कॅसेट लावतात आणि सगळे हात जोडून उभे राहून ऐकतात.

“पण त्या शांततेत झालं काय?” मी विचारलं. “कशाला हसले एवढे?”

सभागृहातलं कुणीच त्या जत्रेला गेलेलं नव्हतं.

“धोतर सुटलं असणार,” कुणीतरी म्हणालं.

“मास्तरांचं? ते पायजमा घालायचे.”

“माकड आलं असेल स्टेजवर.”

“मान खाली घालायची,” आण्णा म्हणाले. “प्रथा आहे ती.”

“पण मान खाली घातल्यावर कुणी एवढं हसतं का? आण्णा, आपण वहिनींना विचारू या ना.”

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. मंडळातले सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, मग मीही वहिनीच म्हणायचे. दरवर्षी त्यांना पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसवून शाल आणि नारळ द्यायचे. पत्रिकेवर ‘श्रीमती सुरवसे यांच्या उपस्थितीत’ असं छापायचे.

“त्या घरातल्या बाई,” आण्णा म्हणाले. “त्यांना स्टेजवरचं काय माहीत? उगाच त्रास देऊ नकोस. आणि ऐक, त्या जागेवर काही आगाऊपणा केलास तर पेटीवरनं उठवीन.”

मला काही कळत नसलं की माझं अंग खाजायला लागतं. मी पप्पांच्या दुकानात बसून शेवटचा भाग मोठ्या हेडफोनवर ऐकायला लागले. ठरवलंच होतं, हा मी वाजवणार. कॅसेट नाही लावू देणार. रोज शाळेतनं आले की एक-एक ओळ उतरवायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला काहीतरी टोचलं. मास्तरांची एक सवय होती. ओळ संपली की शेवटच्या सुराच्या वरचा सूर ते टिचकी मारल्यासारखा हळूच लावायचे. प्रत्येक ओळीला, न चुकता. काका म्हणायचे ती मास्तरांची सही आहे. शेवटच्या भागात ती टिचकी नव्हती. एकदाही नव्हती. आणि लांब सुरांच्या मागं अगदी बारीक किणकिण होती.

“पप्पा, हे ऐका. बांगड्या आहेत का या?”

पप्पांनी एक कान लावला. “असतील. जत्रेत बायका नव्हत्या का?”

“बायका समोर बसल्या असतील ना. हा आवाज पेटीच्या जवळचा आहे. पेटीबरोबर हलतोय.”

पप्पांनी दुसराही कान लावला. मग हेडफोन काढून वायर गुंडाळत बसले. “आण्णांसमोर बोलू नको बाई. माझं मंडळाचं मंडपाचं काम जाईल.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. दुपारी मी माझी पेटी रिक्षात घातली आणि वहिनींच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेर तुळस, आत वहिनी मेथी निवडत बसलेल्या.

“अगं, तू यंदाची मास्तर ना? ये. पेटी कशाला आणलीस एवढी उचलून?”

“तुमच्याकडे नाहीये ना म्हणून.” मास्तरांची पेटी वाचनालयात काचेच्या कपाटात असते. वर्षातनं एकदा निघते.

“हो, मंडळानं नेली. म्हणाले ठेवा आहे, जपायला पाहिजे.” त्यांनी कपाटाकडं मान केली. “बदल्यात शाली देतात. ढीग झालाय. बार्शीत थंडी पडते किती आणि शाली किती!”

मी हसले आणि एकदम मुद्द्यावर आले. “वहिनी, अकराव्या हसूच्या आधी मास्तरांनी काय केलं होतं?”

त्यांचा हात मेथीत थांबला. “मला काय माहीत. जुनी गोष्ट आहे. चहा टाकू का?”

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी गप्प बसणारी असते तर गोष्ट तिथंच संपली असती. मी पेटी उघडली आणि शेवटचा भाग सुरू केला. जेवढा बसला होता तेवढा. एका अवघड उतरणीवर दरवेळी अडखळायचे, तिथंच अडखळले. पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळले.

आतून आवाज आला, “अंगठा खालनं घे.”

मी थांबले.

“तिथं तू बोटं वरनं टाकायलीस. हात अडकणारच. अंगठा खालनं सरकव, मग मोकळा होतो.”

मी अंगठा खालून घेतला. उतरण पाण्यासारखी गेली!

वहिनी दारात उभ्या होत्या. हातात गाळणी.

“तुम्हाला कसं माहीत?” मी विचारलं. पण विचारतानाच मला कळलं होतं.

“मीच वाजवलंय ते,” वहिनी म्हणाल्या.

मग चहा झाला आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी जत्रेत उतरताना मास्तरांचं बोट जीपच्या दारात सापडलं. कुणाला कळू न देता ते बसले. थोडा वेळ निभावलं, मग बोट सुजलं आणि सूर चुकायला लागले.

“म्हणजे त्या चुका…”

“चुकाच आहेत गं. बोट दुखत होतं माणसाचं. देशमाने दरवर्षी त्या चुका एवढ्या मन लावून वाजवतात की मला त्यांची दया येते.”

वहिनी नेहमीसारख्या पडद्यामागं बसल्या होत्या. घरी पेटी दोघंही वाजवायचे. नव्या चाली पुष्कळदा वहिनींच्या असायच्या. पण लोकांसमोर त्या कधी बसल्या नव्हत्या. मास्तरांनी पेटी थांबवली, पडद्यामागं आले, हाताला धरून त्यांना बाहेर आणलं आणि पेटीपुढं बसवलं.

“बसवलं आणि समोर बघितलं,” वहिनी म्हणाल्या. “एवढी गर्दी. सगळे गप्प. पदर घेतलेली बाई पेटीपुढं, ही कोण, काय करणार, कुणाला काही कळेना. मास्तरांनाही कळेना काय सांगावं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर घातली. पदरावरनं.”

“मग हसले लोक. लई हसले. डबा वाजवला एकानं, ऐकलास ना? त्यांना वाटलं नक्कल आहे, सोंग आहे. मास्तरांनाही तेच पाहिजे होतं. सोंग म्हटलं की कार्यक्रम सावरतो. ‘ही माझी बायको, माझ्यापेक्षा बरी वाजवते’ एवढं म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही. वाईट नव्हते गं. घाबरले.”

“आणि तुम्ही?”

“मी टोपी काढली नाही. म्हटलं, हसा. आणि वाजवायला लागले.” त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. “पुढं कॅसेटमध्ये कुणी हसत नाही. बघितलंस का?”

बघितलं होतं की! मंडळ म्हणायचं, मास्तरांनी शेवटी गंभीर रंग लावला म्हणून.

मग मला एकदम ते दिसलं. दरवर्षी वहिनींना पहिल्या रांगेत बसवतात. शाल घालतात. आणि मग अख्खं सभागृह, तालीम करून, पोट धरून, त्यांच्यावर हसतं.

“तुम्ही कधी सांगितलं का नाहीत?”

“कुणाला? कुणी विचारलं का? येतात, पाया पडतात, नारळ देतात, जातात. आणि आपणहून काय सांगायचं? त्यांचं एवढं नाव आहे. माझ्यामुळं त्याला ओरखडा नको. तूही बोलू नकोस. शप्पथ घे.”

मी शप्पथ घेतली. पण निघताना म्हटलं, “शेवटचा भाग मी वाजवणार आहे. शिकवाल?”

“हात मेथीचे आहेत,” त्या म्हणाल्या. “तू वाजव. मी तोंडानं सांगते.”

कार्यक्रमापर्यंत मी रोज गेले. त्यांनी एकदाही पेटीला हात लावला नाही. पण मी एखादी ओळ बरी काढली की त्यांची बोटं मांडीवर हलायची.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. देशमाने काका विंगेत उभे राहून मला डाव्या हातानं खुणा करत होते. वहिनी मधल्या खुर्चीत, अंगावर नवी शाल. टोपी मला मोठी होती, सारखी कानावर यायची. पण काय सांगू, पहिलं हसू आलं आणि माझ्या अंगावर काटा आला! खोटं हसू आहे हे माहीत असून! “जेवलीस का?” मी विचारलं आणि पेटी “नाऽही” म्हणाली आणि एक लहान पोरगं खरंच हसलं, चुकीच्या जागी, आणि त्याच्या आजोबांनी त्याला चिमटा काढला. पप्पा “अहो पुढचे, खाली बसा की!” असे ओरडले तेव्हा खिडक्या हलल्या. पाच, सहा, सात. आठवं वेळेवर आलं. दहावं आलं.

मग त्या चुका. मी त्या केल्या नाहीत. विंगेत काकांचा चेहरा पडलेला मला दिसला.

आता थांबायचं होतं. मान खाली घालायची होती. सगळ्यांनी छातीत हवा भरून घेतली होती, हात पोटाकडं निघाले होते. कोपऱ्यात पप्पांचं बोट कॅसेटच्या बटणावर होतं. मला वहिनी दिसल्या. त्या सरळ बसल्या होत्या, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. दाताच्या डॉक्टरकडं आपण बसतो तशा.

मी थांबलेच नाही. शेवटच्या ओळीचा सूर धरून ठेवला आणि त्याच सुरातून वहिनींच्या वाजवण्यात शिरले. मध्ये शांतता ठेवलीच नाही. सुई जाईल एवढीही फट नाही.

एक-दोघं सवयीनं “हा हा” करून गेले आणि तोंडावर हात ठेवून गप्प झाले. पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी बटणावरचं बोट काढलं. लोकांना उभं राहायचं का बसायचं कळेना. काही अर्धे उठले, तसेच राहिले. मी दोनदा चुकले, एकदा चांगलीच चुकले, पण अंगठा खालनं घेतला आणि शेवटपर्यंत गेले.

टाळ्या आल्या, पण विस्कटलेल्या. आणि त्यांच्या आधी आण्णा स्टेजवर.

“अकरावं हसू कुठं गेलं?”

“घेतलं नाही.”

“घेतलं नाही? भाजीतलं मीठ आहे का ते, नको म्हणायला? एवढी माणसं महिनाभर त्या एका हसण्यासाठी तालीम करायलीत!”

“आण्णा, ते बरोबर नव्हतं.”

“का नव्हतं?”

मी शप्पथ घेतली होती. तोंड मिटून उभी राहिले. माझं तोंड मिटलेलं बघून पप्पाच घाबरले, लगबगीनं स्टेजकडं आले.

“बोल की आता! मास्तरांपेक्षा जास्त कळतं का तुला?” आण्णांचा आवाज चढला होता. ते रागारागानं पहिल्या रांगेकडं वळले. “वहिनी, आता तुम्हीच सांगा हिला. मास्तरांनी काय केलं होतं तिथं? काय झालं होतं नेमकं?”

आणि ते बोलता बोलता थांबले. आपण काय विचारलं ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. सभागृहात खरी शांतता झाली. सगळ्यांना ते माहीत करून घ्यायचंच होतं की! वर्षानुवर्षं, प्रत्येकाला. धोतरवाला पुढं वाकला, माकडवाला पुढं वाकला.

“मला विचारताय?” वहिनी म्हणाल्या.

“हो… म्हणजे… तुम्हालाच.”

वहिनींनी शाल काढली, चार घड्या घातल्या आणि खुर्चीवर ठेवली. पायऱ्यांशी देशमाने काकांनी चांगला हात पुढं केला, तो धरून त्या वर आल्या. मी पेटीमागून उठले. त्या बसल्या. काचेतल्या पेटीवरून एकदा तळहात फिरवला, माहेरी आल्यावर उंबऱ्याला लावतात तसा. पप्पांनी माइक खाली करून तोंडासमोर धरला.

“सांगते,” वहिनी म्हणाल्या. “पण आधी वाजवते. नुसतं सांगितलं तर तुम्हाला पटायचं नाही.” मग त्या जराशा थांबल्या. “माझं नाव मालन.”

सभागृहातल्या कितीतरी जणांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. मीसुद्धा.

त्यांनी उजवा हात पट्ट्यांवर ठेवला, डावा मागं न्यायला गेल्या आणि तोंड वाकडं केलं.

“खांदा वर येत नाही गं,” त्या मला म्हणाल्या. “भाता तू मार.”

मी पलीकडं बसले आणि भाता मारायला लागले.